इचूका बंदरातली आगबोट आणि मरे नदीवरचा एक तास

ऑस्ट्रेलियातल्या इचूका बंदरात पेव्हेन्सी आगबोटीत बसणार असाल तर आधी एक ऐका. बोट सुटली की सगळे वरच्या मजल्याकडे धावतात, ऊन खायला आणि फोटो काढायला. तुम्ही निदान पहिली पंधरा मिनिटं खालीच थांबा, इंजिनाच्या कठड्याला टेकून. बोट १९११ सालची, इंजिन इंग्लंडच्या मार्शल कंपनीचं. सगळं उघडं आहे, काहीही झाकून ठेवलेलं नाही. दट्टे पुढेमागे सरकतात, तेलाने चकाकणारे दांडे फिरतात आणि त्यांच्या जोरावर बोटीच्या दोन्ही अंगांची फळ्याफळ्यांची चाकं पाणी मागे लोटत राहतात. आगवाला मधूनच भट्टीचं दार उघडतो, लालभडक उजेड बाहेर पडतो, तो ओंडका आत सारतो आणि दार लावून घेतो. गरम तेल, वाफ आणि जळतं लाकूड यांचा मिळून जो वास येतो, तो मला पन्नास-पंचावन्न वर्षं मागे घेऊन गेला. माझ्या लहानपणी सडकेचं काम निघालं की वाफेचा रूळ यायचा, आम्ही पोरं त्याच्यामागे दिवसभर हिंडायचो. त्या रुळांवरही मार्शलचंच नाव असे. इथे नातीला कडेवर घेऊन तेच नाव दाखवताना मला फार बरं वाटलं.

मी पाटबंधारे खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालो. नोकरीची बहुतेक वर्षं पैठणला, जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर गेली. लेक नोकरीनिमित्त बेंडिगोला असते. एप्रिलमध्ये आम्ही दोघं तिच्याकडे गेलो होतो. जावई म्हणाले, ‘‘बाबा, समुद्र आणि कांगारू सगळेच दाखवतात. तुम्हाला नदी दाखवतो.’’ बेंडिगोहून इचूका सव्वा तासावर आहे. मेलबर्नहून यायचं तर गाडीने अडीच-तीन तास धरा, आगगाडीही येते.

वाटेत हिने नदीचं नाव विचारलं. जावई म्हणाले, ‘‘मरे.’’ हिला ते अजिबात आवडलं नाही. ‘‘अहो, वाहत्या पाण्याला असलं नाव कोण देतं?’’ मी वाचून ठेवलं होतं ते सांगितलं. चार्ल्स स्टर्ट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८३० साली लंडनमधल्या सर जॉर्ज मरे या मंत्र्याचं नाव तिला दिलं. त्याच्याआधी सहा वर्षं ह्यूम आणि हॉव्हेल ही जोडगोळी वरच्या अंगाला नदी ओलांडून गेली होती, त्यांनी तिला ह्यूम म्हटलं होतं. पण इथल्या योर्टा योर्टा लोकांसाठी ती हजारो वर्षं धुंगाला आहे. २०२२ साली इचूकाला नदीवर जो नवा पूल झाला, त्याला हेच नाव दिलं आहे. पाटीवर ते वाचल्यावर ही म्हणाली, ‘‘हे कसं, नदीचं नाव वाटतं.’’ पुढे दिवसभर ती धुंगालाच म्हणत होती. इचूका या शब्दाचा अर्थही त्याच लोकांच्या भाषेत ‘पाण्यांची भेट’ असा सांगतात. गोलबर्न नदी गावाच्या थोडी वर मरेला मिळते आणि कॅम्पास्पे गावातच. प्रवरासंगम, टोकं, कायगाव बघत वाढलेल्या माणसाला संगमाच्या गावाचं वेगळं कौतुक सांगावं लागत नाही.

तिकिटाबद्दल एक सावधगिरी. आम्ही ते एका मध्यस्थ संकेतस्थळावरून काढलं. त्यांनी वर सेवाशुल्क लावलं आणि पावतीवर फेरीची वेळच चुकीची छापली. आम्ही पोचलो तेव्हा बोट निघून गेली होती. बंदराच्या खिडकीवरच्या बाईंनी पावती पाहिली, कुठलेही जास्तीचे पैसे न घेता पुढच्या फेरीत जागा दिली आणि नातीच्या हातात एक नकाशा ठेवला. तेव्हा तिकीट थेट बंदराकडूनच काढा. चौघांचे मिळून शंभर डॉलरच्या वर गेले. मला ते जास्त वाटले नाहीत. लाकडावर चालणारी शंभरी ओलांडलेली बोट चालती ठेवायला किती माणसं आणि किती कष्ट लागत असतील, हे यंत्रावर काम केलेल्याला सांगायला नको.

फेरी चुकली त्याचा फायदा असा की धक्का नीट बघायला तास-दीड तास मिळाला. आणि धक्का बघितल्याशिवाय बोटीत बसण्यात अर्थ नाही, असं माझं ठाम मत झालं आहे.

हा धक्का १८६५ सालचा. रेड गम नावाच्या निलगिरीच्या जातीच्या झाडाचं लाकूड वापरलं आहे. रंग तांबूस, जड, आणि पाण्यात वर्षानुवर्षं राहूनही न कुजणारं. धक्का एकावर एक अशा तीन मजल्यांचा आहे. खाली उतरून खांबांच्या मधून चाललात की उंच लाकडी मंडपात उभं राहिल्यासारखं वाटतं. तीन मजले कशाला, तर नदीची पातळी ऋतूप्रमाणे कित्येक मीटर वर-खाली व्हायची. पाणी कमी असताना बोट खालच्या मजल्याला लागायची, पूर असेल तेव्हा वरच्या. सबंध धक्क्याचीच मोजपट्टी केलेली! आम्ही धरणाच्या भिंतीवर आकडे रंगवून पातळी वाचत आलो. इथे ज्यांनी कोणी हे डोकं लढवलं त्यांना मनातून नमस्कार केला.

इथे एवढं मोठं बंदर का झालं हे समजलं की नदीचा भूगोलच समजतो. मरे ही ऑस्ट्रेलियातली सगळ्यात लांब नदी, २५०८ किलोमीटर. आग्नेयेकडच्या बर्फाळ डोंगरांत, कोसियुस्को शिखराच्या परिसरात उगम पावते आणि पश्चिमेला वाहत वाहत दक्षिण ऑस्ट्रेलियात समुद्राला मिळते. मेलबर्न समुद्रकाठी, पण मेलबर्नला नदीचा सगळ्यात जवळचा टप्पा म्हणजे इचूका. १८६४ साली मेलबर्नहून रेल्वे इथपर्यंत आली आणि दुसऱ्याच वर्षी धक्का बांधला. डार्लिंग आणि मरमबिजी या उपनद्यांच्या काठांवर मेंढ्यांची अफाट कुरणं होती. तिथली लोकर आगबोटींनी आणि त्यांच्यामागे बांधलेल्या पडावांनी इथे यायची, धक्क्यावर गाडीत भरायची, मेलबर्नला जहाजात चढायची आणि इंग्लंडला जायची. उलट दिशेने पीठ, चहा, साखर, तार, औजारं. मेलबर्नच्या खालोखाल व्हिक्टोरिया राज्यातलं तेव्हाचं मोठं बंदर म्हणजे समुद्रापासून इतकं आत असलेलं हे गाव. मग रेल्वे नदी ओलांडून पुढे गेली. १८७६ मध्ये पलीकडच्या डेनिलिक्विनपर्यंत रूळ पडले, १८७८ मध्ये लोखंडी पूल झाला, आणि ज्या गाडीने बंदर मोठं केलं तिनेच पुढे बोटींचा माल काढून घेतला. धक्का पूर्वी याहून कितीतरी लांब होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सरपणाची टंचाई झाली तेव्हा त्याचा मोठा भाग तोडून मेलबर्नच्या चुलींना गेला. उरलेला गावाने जपला. तोडलेल्या ठिकाणी उभं राहिलो तेव्हा मला वाईट वाटलं, पण थंडीत कुडकुडणाऱ्या घरांनाही दोष देववत नाही.

त्या काळच्या कप्तानांचे नकाशे जरूर बघा. नदी इतकी वळणावळणाची की कागदावर मावायची नाही, म्हणून कापडाच्या लांब पट्टीवर काढून जुन्या जन्मपत्रिकेसारखी गुंडाळी करायचे. बोट पुढे सरकेल तशी गुंडाळी उलगडायची. कुठे बुडालेला ओंडका, कुठे वाळूची दांडी, कुठे सरपण मिळेल, सगळं हाताने टिपलेलं.

आता फेरीचं. भोंगा झाला, बोट मागे सरकली, वळली, आणि आम्ही पात्राच्या मधोमध आलो. माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो ‘एवढीशीच?’ असा. खंडातली सगळ्यात लांब नदी म्हटल्यावर मी राजमहेंद्रीची गोदावरी डोळ्यांपुढे ठेवून आलो होतो. इथे पैलतीरावर गळ टाकून बसलेल्या माणसाची टोपी स्पष्ट दिसत होती. मरे गोदावरीपेक्षा हजार किलोमीटरने लांब आहे, पण गोदावरीत वर्षाला तिच्या कितीतरी पट पाणी वाहतं. तिचं आणि डार्लिंगचं मिळून खोरं दहा लाख चौरस किलोमीटरचं, म्हणजे महाराष्ट्राच्या तिपटीहून मोठं. त्यातला बहुतेक मुलूख मात्र कोरडा. डोंगरातल्या पावसाचं आणि वितळलेल्या बर्फाचं पाणी घेऊन ती एवढा उन्हाळी प्रदेश पार करते, वाटेत तिला देणारे थोडे आणि मागणारे फार.

आणि उतार! इचूका गाव समुद्रसपाटीपासून साधारण ९५ मीटर उंचीवर आहे आणि इथून मुखापर्यंत नदीच्या वाटेने सुमारे १७०० किलोमीटर उरतात. मी तिथेच बाकावर बसून भागाकार केला. किलोमीटरला पाच-सहा सेंटिमीटर. आम्ही कालव्यालासुद्धा याहून जास्त उतार द्यायचो. म्हणून ती अशी सावकाश, प्रत्येक झाडाला वळसा घालत जाते. पाणी मातकट हिरवं, आमच्याकडे श्रावणानंतर तळ्याचं असतं तसं. काठ उभे, त्यांवर रेड गमची म्हातारी झाडं, अर्धी मुळं हवेत. फांद्यांवर पांढरे काकाकुवा एवढा कालवा करतात की इंजिनाचा आवाज त्यात बुडतो. एका वाळूच्या दांडीवर दोन झोळीवाले पाणपक्षी, पेलिकन, पंख वाळवत बसलेले होते. नातीने त्यांना हात केला.

बोटीवर सांगणारा खलाशी तरुण होता, भरभरून सांगत होता. त्याने सीमेची गोष्ट सांगितली ती मला फार महत्त्वाची वाटली. मरे नदी व्हिक्टोरिया आणि न्यू साउथ वेल्स या दोन राज्यांमधली हद्द आहे, पण हद्द पात्राच्या मधून जात नाही. ती व्हिक्टोरियाच्या बाजूच्या काठाच्या माथ्यावरून जाते. म्हणजे पाणी सगळं पलीकडच्या राज्याचं. इचूकाच्या माणसाला आपल्याच घाटावर गळ टाकायचा तर परवाना न्यू साउथ वेल्सचा लागतो. १९०१ मध्ये सगळ्या वसाहती मिळून एक देश झाला, त्याच्याआधी तर इथे बोटींवरच्या मालाची जकात घेत असत.

मग पाण्याची वाटणी कशी होते, हे मी त्याला विचारलं. त्याने थोडं सांगितलं, उरलेलं मला आधीपासून माहीत होतं, कारण नोकरीत असताना आमच्या प्रशिक्षणात मरे-डार्लिंग खोऱ्याचं नाव नेहमी निघायचं. पण कागदावरचं नाव आणि पायाखालचं पाणी यांत फरक असतोच.

इचूकाच्या वर, ऑल्बरीजवळ ह्यूम धरण आहे, १९३६ साली पुरं झालेलं. क्षमता सुमारे ३००५ गिगालिटर. आपल्या हिशेबात १०६ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. जायकवाडीच्या नाथसागराची एकूण क्षमता १०२ टीएमसीच्या वर आहे, म्हणजे ही जवळजवळ जुळी भावंडं! त्याच्याही वर डार्टमाउथ आहे, १९७९ चं, १३६ टीएमसीचं. या दोन धरणांतून सोडलेलं आवर्तन इचूकावरून खाली जातं. बोटीतून जे पाणी शांत वाहताना दिसतं ते कुणीतरी मोजून, कुणाच्यातरी नावावर टाकून सोडलेलं आहे. खाली टोरमबरीला बंधारा आहे, त्याच्या फुगवट्यामुळे इचूकाला पातळी बरीचशी स्थिर राहते आणि बोटी वर्षभर चालतात. हे कळल्यावर मी नदीकडे वेगळ्या नजरेने बघायला लागलो. ज्या माणसाने रात्री-अपरात्री विमोचकाची, म्हणजे पाणी सोडायच्या दारांची, चाकं फिरवून घेतली आहेत त्याला असं पाणी लांबून ओळखू येतं.

याच्यात एक मोठी अडचण आहे आणि ती इचूकाच्या जरा वरच आहे. सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वी इथली जमीन एका भेगेवर उचलली गेली. नदीचा रस्ता अडला, पाणी पसरलं, आणि तिने नवी वाट काढली. त्या जागी आज बार्मा-मिलेवाचं जंगल उभं आहे, जगातलं सगळ्यात मोठं रेड गमचं जंगल. त्या जंगलातून जाणारी नदीची नळी अतिशय चिंचोळी आहे, तिला बार्मा चोक म्हणतात. तिथून दिवसाला सुमारे ७००० मेगालिटरच काठ न ओलांडता पुढे जाऊ शकतं. म्हणजे अठ्ठावीसशे क्युसेकच्या, सेकंदाला तेवढ्या घनफुटांच्या आसपास. मी २००६ च्या ऑगस्टमध्ये पैठणला होतो, जायकवाडीतून अडीच लाख क्युसेकच्या आसपास सोडावं लागलं होतं आणि गावात पाणी शिरलं होतं. त्या माणसाला अठ्ठावीसशे क्युसेक ऐकून काय वाटेल विचार करा! एवढ्या लांब नदीचा, तीन राज्यांच्या पाण्याचा गळा इतका बारीक. त्यात एकोणिसाव्या शतकातल्या सोन्याच्या खाणींनी आणि झाडतोडीने लोटलेली वाळू अजून पात्रात आहे, ती तो आणखी बारीक करते आहे. खालच्या बदामाच्या आणि द्राक्षांच्या बागांना ऐन उन्हाळ्यात पाणी हवं असतं, आणि ते या गळ्यातूनच न्यावं लागतं. जोर केला की काठ ढासळतात, जंगलात भलत्या वेळी पाणी शिरतं. रेड गमला पूर लागतो, पण हिवाळ्याच्या शेवटाला आणि वसंतात. भर उन्हाळ्यात मुळाशी पाणी साचणं त्याला मानवत नाही. इचूकाला आलात तर हे जंगल मुद्दाम बघा, गाडीने अर्ध्या-पाऊण तासाच्या आत आहे.

वरचे आणि खालचे हे भांडण मला परकं नाही. नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडण्यावरून आमच्याकडे दर दुष्काळात जे होतं ते मी कार्यालयात बसून आणि बांधावर उभं राहून, दोन्हीकडून पाहिलं आहे. समन्यायी वाटपाचा कायदा आपल्याकडे २००५ मध्ये आला. इथे न्यू साउथ वेल्स, व्हिक्टोरिया आणि दक्षिण ऑस्ट्रेलिया या तीन राज्यांनी आणि केंद्राने १९१४ मध्येच करार केला. शेवटच्या टोकाच्या दक्षिण ऑस्ट्रेलियाला साधारण वर्षी १८५० गिगालिटर, म्हणजे ६५ टीएमसी मिळायलाच हवं असं ठरलेलं आहे. ॲडलेडसारखं शहर पिण्यासाठी या नदीवर अवलंबून आहे, कोरड्या वर्षी तर फारच. करार असूनही नदीचे हाल व्हायचे ते झालेच. १९९७ ते २००९ हा लांबलेला दुष्काळ, आणि त्यात २००२ पासून पुढे कित्येक वर्षं मुखाशी वाळू उपसणारी यंत्रं लावून समुद्राकडचं तोंड उघडं ठेवावं लागलं. नदीला समुद्रापर्यंत पोचायला यंत्र लागावं, हे वाक्य मी हिला बोटीत सांगितलं तेव्हा ती काही वेळ बोललीच नाही.

त्यातून २०१२ ची खोरे योजना आली. शेतीच्या वापरातून २७५० गिगालिटर पाणी परत घेऊन नदीला द्यायचं, असं उद्दिष्ट होतं. ९७ टीएमसी. जवळजवळ एक जायकवाडी नदीला परत! मी हा आकडा मोठ्याने म्हटला, कारण आपल्याकडे नदीच्या स्वतःच्या वाट्याला किती, हा प्रश्न मी कुठल्या बैठकीत ऐकला नव्हता. आमच्या सगळ्या तक्त्यांत सिंचन, बिगरसिंचन आणि बाष्पीभवन एवढेच रकाने असायचे. इथे हे पाणी काही प्रमाणात विकत घेऊन मिळवलं, कारण इथे पाण्याचा हक्क जमिनीपासून वेगळा काढून विकता येतो. हे मात्र मला पटलं नाही. इचूकाच्या आसपास दुधाच्या गाईंची कुरणं आहेत, टोमॅटो आहेत. अडचणीतल्या शेतकऱ्याने पाणी विकलं की त्याची जमीन कोरडी राहते आणि त्याच चारीवरच्या शेजाऱ्यांवर कालव्याच्या खर्चाचा बोजा वाढतो. शेवटच्या चारीच्या शेवटच्या शेतकऱ्याशी ज्याचा रोज संबंध आला आहे तो याला सहज मान डोलावणार नाही.

थोडं हिच्या माहेराचं. ही तासगावची, घरचा बेदाण्याचा धंदा. मरेच्या खालच्या अंगाला मिल्ड्युरा आहे, १८८७ मध्ये चॅफी बंधूंनी नदीचं पाणी पंपाने उचलून ओसाड माळावर वसवलेली वसाहत, आज द्राक्षं आणि बेदाण्यासाठी प्रसिद्ध. आपल्याकडे द्राक्षं तेल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवून सुकवतात ती पद्धत ऑस्ट्रेलियन म्हणूनच ओळखली जाते. आमच्या मेहुण्याच्या शेडवर रोज जे होतं त्याची मुळं या नदीच्या काठी आहेत हे कळल्यावर हिने लगेच माहेरी फोन लावला, बोटीतूनच. पुढच्या वेळी मिल्ड्युराला जायचं हे तिने तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

तास कधी संपला कळलं नाही. ज्यांना नदी बघायची आहे त्यांना एक तास पुरत नाही. बंदरात जेवणासह लांबच्या फेऱ्याही असतात, त्यांचा विचार करा. धक्क्याला आणखी जुनी ॲडलेड ही बोटही उभी असते, १८६६ सालची. चालत्या स्थितीतली जगातली सगळ्यात जुनी लाकडी बांध्याची चाकाची आगबोट म्हणून ती ओळखली जाते. आम्ही गेलो त्या दिवशी ती फेरीला नव्हती, पण तिच्यासमोर थोडा वेळ उभे राहिलो.

गुडघे दुखणाऱ्यांसाठी: धक्क्याच्या खालच्या मजल्यावर जाताना पायऱ्या आहेत, वेळ हाताशी ठेवून या आणि उतरायच्या सोयीबद्दल खिडकीवर आधी विचारा. बोटीच्या खालच्या मजल्यावर बसायला जागा आहे आणि माझ्या मते तीच चांगली. माहिती ऐकायची तर इंजिनापासून दूर, पुढच्या बाजूला बसा. लोकरीचं काहीतरी अंगावर ठेवा, एप्रिलमध्ये पाण्यावर गार वारा असतो. खाण्याचं सांगायचं तर गावातल्या एका उपाहारगृहात आम्ही शाकाहारी म्हणून सांगून मागवलेल्या पदार्थात मांस निघालं. हिने ताट बाजूला ठेवलं आणि पिशवीतले धपाटे काढले. नदीकाठी गवतावर बसून धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली, हे आमच्या दिवसातलं उत्तम जेवण. तुम्हीही शिदोरी न्या.

जेवताना शेजारच्या बाकावर एक वृद्ध गृहस्थ होते, गावातलेच. त्यांनी ऑक्टोबर २०२२ च्या पुराचं सांगितलं. पाण्याने १९९३ च्या पुरालाही मागे टाकलं होतं. गाव वाचवायला लोकांनी भर वस्तीतून मातीचा बांध घातला, रात्रंदिवस खपून. पण बांध कुठून तरी घालावाच लागतो, आणि काही घरं त्याच्या नदीकडच्या अंगाला राहिली. ‘‘एकाच रस्त्यावरचे शेजारी,’’ ते म्हणाले, ‘‘काही आत, काही बाहेर.’’ मी त्यांना पैठणच्या २००६ च्या पुराचं सांगितलं. दोघांनाही इंग्रजीचे शब्द शोधावे लागले नाहीत, हाताने पातळी दाखवली की पुरत होतं.

पाचपैकी गुण द्यायचे तर माझे पाच. बोटीला चार दिले असते, पाचवा धक्क्याचा आहे.

संध्याकाळी धक्क्याचे फोटो पैठणला माझ्या जुन्या कालवा निरीक्षकाला पाठवले. बोटीचा, चाकाचा, भट्टीचा, आणि पाण्यात उतरलेल्या खांबांचा एक. तिकडे दुपार होती. दोन मिनिटांत त्याचा फोन आला. बोटीबद्दल त्याने एक अक्षर विचारलं नाही.

‘‘साहेब, तो खांबांचा फोटो. पाणी कुठल्या मजल्याला आहे?’’

‘‘सगळ्यात खालच्या मजल्याच्या जरा खाली.’’

‘‘आणि चढतंय का उतरतंय?’’

मी त्याला थांबायला सांगितलं आणि पुन्हा धक्क्याकडे चालत गेलो.